चोराने कष्ट करावेत, पण काम कोणी द्यावे?



आपल्या चर्चमधले डाव्या बाजूचे पुढचे चार बाक तुम्हा सर्वांना ठाऊक आहेत. गेल्या वर्षी ते इतके डुगडुगत होते की म्हाताऱ्या आयाबाया त्यांवर बसायला घाबरत. दिवाळीपूर्वी मी ते दुरुस्तीसाठी शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये पाठवले. टेम्पोचे भाडे गेले, मजुरी गेली आणि तीन रविवार लोक सतरंजीवर बसले. एवढे तुम्ही पाहिले. जे पाहिले नाही ते आज सांगतो.

त्याच महिन्यात आपल्याच धर्मग्रामातला एक जण संध्याकाळी माझ्याकडे आला होता. शिक्षा पूर्ण करून तो घरी परतला होता. तुरुंगात असताना तो सुतारकाम शिकला होता. व्हरांड्यात उभ्यानेच तो म्हणाला, "फादर, मदत नको, काम द्या. चर्चमधले बाक मी बघितले आहेत." मी म्हणालो, "कमिटीला विचारून सांगतो." मी कमिटीला विचारलेच नाही. विसरलो असे नाही, टाळले. लोक काय म्हणतील याची मला भीती वाटली. दिवाळी झाल्यावर तो बायको-मुलांना घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर गुजरातला गेला. दोन लेकरांची शाळा त्या वर्षी बुडाली.

हे त्याची परवानगी घेऊन लिहीत आहे. त्याचा गुन्हा काय होता ते लिहीत नाही. तुमच्यापैकी काहींना ते माहीत आहे, आणि त्याचे दुखणे नेमके तेच आहे. शिक्षेचा काळ संपला, पण गावाच्या तोंडी ती अजून चालू आहे.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी भारतातील ख्रिस्तसभा तुरुंगसेवा रविवार पाळते. १४ ऑगस्टला संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचा सण असतो. १९४१ साली ऑश्विट्झच्या छळछावणीत दुसऱ्या एका कैद्याच्या जागी त्यांनी स्वतःहून मरण पत्करले. या रविवारी आपण कैद्यांसाठी प्रार्थना करतो. आज मात्र थोडा पुढचा विचार करू या. तुरुंगातून जो बाहेर आला, त्याचे काय?

१. चोराला दिलेली आज्ञा

इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात संत पौल चोरी करणाऱ्याविषयी एक वाक्य लिहितो. ते २८ वे वचन घरी काढून वाचा. त्यात तीन गोष्टी आहेत. त्याने यापुढे चोरी करू नये. त्याने स्वतःच्या हातांनी कष्टाचे, चांगले काम करावे. आणि त्या कमाईतून गरजवंताला द्यावे.

पौल चोरी सोडण्यापाशी थांबत नाही. घेणारा हात देणारा हात व्हावा, इथपर्यंत तो जातो. या दोन हातांमधला पूल कोणता? काम. प्रवचनाने पश्चात्ताप होतो, पण पश्चात्तापाने चूल पेटत नाही. प्रायश्चित्त संस्कारात देव पाप पुसून टाकतो. तरी सोमवारी सकाळी त्या माणसाला पीठ, मीठ आणि मुलांच्या वह्या लागतातच.

आता विचार करा. पौलाने ही आज्ञा चोराला दिली आहे, पण पत्र लिहिले आहे सबंध मंडळीला. त्या मंडळीत शेत असणारे होते, दुकान असणारे होते, कारागीर होते. चोराने काम करावे अशी देवाची इच्छा असेल, तर त्याला काम मिळू न देणारा कोणाच्या इच्छेच्या आड येतो?

२. तार्सात बसून राहिलेला शौल

पौलाला हे पुस्तकातून सुचले नव्हते, त्याने ते अंगावर झेलले होते. स्तेफनाला दगडमार झाला तेव्हा मारणाऱ्यांची वस्त्रे राखत तो उभा होता. घरोघर शिरून स्त्री-पुरुषांना ओढत नेऊन त्याने तुरुंगात टाकले होते. दिमिष्काच्या वाटेवर प्रभूने त्याला गाठले ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्यानंतर काय झाले ते आपण सहसा वाचत नाही.

तो यरुशलेमला आला आणि शिष्यांत मिसळू लागला, पण सगळे त्याला भ्यायले. हा खरोखर शिष्य झाला आहे यावर कोणाचा विश्वास बसेना. त्यांना दोष देऊ नका. ज्यांची माणसे त्याने ओढून नेली होती, त्यांच्यापैकी कोणी ना कोणी तिथे असणारच. तेव्हा बर्णबाने त्याला सोबत घेतले आणि प्रेषितांपुढे नेले. त्याच्या आयुष्यात काय घडले हे त्याने स्वतः उभे राहून सांगितले. आजच्या भाषेत बर्णबा त्याला जामीन राहिला.

तरीही गोष्ट पूर्ण झाली नाही. जिवाला धोका म्हणून बंधुजनांनी शौलाला तार्स या त्याच्या गावी धाडले. तिथे त्याने काय केले याविषयी प्रेषितांच्या कृत्यांचे पुस्तक काहीच बोलत नाही. पुढे अंत्युखियात मंडळी वाढली, कामाला माणसे कमी पडू लागली, आणि मग अकराव्या अध्यायात बर्णबा पुन्हा दिसतो. तो शौलाचा शोध घ्यायला तार्सास गेला, त्याला शोधून अंत्युखियास घेऊन आला, आणि वर्षभर दोघांनी मिळून लोकांना शिकवले. पहिल्या वेळी बर्णबाने त्याला ओळख दिली, दुसऱ्या वेळी काम दिले. ते मागायला शौल आला नव्हता, बर्णबाच त्याला शोधत गेला होता.

त्याच अध्यायात लूक सांगतो की येशूच्या शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा अंत्युखियातच मिळाले. ज्या मंडळीने जुन्या छळकर्त्याला आपल्यात कामाला घेतले, तिच्यापासून हे नाव आपल्यापर्यंत आले आहे.

३. आटपाडीची वसाहत

हे सगळे बायबलच्या काळात ठीक, आज कुठे चालते, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण देतो. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. १९३९ साली तो भाग औंध संस्थानात होता. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी नुकताच आपला अधिकार प्रजेच्या हाती सोपवला होता. त्या प्रयोगात मॉरिस फ्रिडमन हा पोलंडहून आलेला इंजिनियर त्यांच्यासोबत होता. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीआड न ठेवता माळरानावर आणावे, जमीन द्यावी, घाम गाळू द्यावा, विश्वास ठेवून पाहावे, अशी ती कल्पना होती. ना उंच भिंत, ना पायात बेड्या. संस्थान विलीन झाले, पण स्वतंत्रपूर टिकले. आजही ती राज्याच्या तुरुंग खात्याची खुली वसाहत आहे आणि तिथे कैद्याला कुटुंबासह राहता येते.

याच प्रयोगावरून 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निघाला. कथा ग. दि. माडगूळकरांची. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, आणि जेलरची भूमिकाही त्यांचीच. १९५७ सालचा हा चित्रपट १९५८ च्या बर्लिन महोत्सवात गाजला, आणि तिथे आंतरराष्ट्रीय कॅथोलिक चित्रपट संघटनेनेही त्याला पारितोषिक दिले. तुमच्यापैकी अनेकांनी तो टीव्हीवर पाहिला असेल. एक गोष्ट लक्षात आली का? ते सहा कैदी घाम गाळून भाजी पिकवतात आणि बाजारात रास्त भावाने विकतात. तेव्हा त्यांच्यावर हल्ला करवणारे लोक कोण असतात? बाजारातले धंदेवाईक व्यापारी, ज्यांना कधी शिक्षा झालेली नसते. कैदी सुधारले, तरी बाजार त्यांना घ्यायला तयार नव्हता.

स्वतंत्रपूरने दाखवून दिले की विश्वास आणि काम मिळाले तर माणूस जबाबदारीने वागू शकतो. पण ती व्यवस्था शिक्षेच्या काळापुरती आहे. शिक्षा संपल्यावर कैदी ज्या गावी परततो, तिथल्या दारावर सरकारचे नव्हे, तर आपले कुलूप असते.

४. कायदा काय म्हणतो

पुष्कळ लोक मला विचारतात, "फादर, एकदा केस झाली की नोकरी कायमचीच गेली ना?" सरसकट तसे नाही. थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, अटक म्हणजे शिक्षा नव्हे. २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, आणि त्यांतील ४,३४,३०२ जणांचा खटला अजून संपलेला नव्हता. म्हणजे दर चारांतले तीन. त्यांना 'गुन्हेगार' म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरी गोष्ट, १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानुसार न्यायालय काही गुन्हेगारांना तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते. या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अशा माणसाला त्या शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही.

तिसरी गोष्ट, सरकारी नोकरीच्या अर्जात जुनी केस विचारली असेल तर लपवू नका. बहुतेकांची नोकरी केसपेक्षा खोट्यामुळे जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले की गुन्हा किती गंभीर, पद कोणते, हे पाहून निर्णय घ्यावा. क्षुल्लक प्रकरणाकडे नेमणूक करणारे दुर्लक्ष करू शकतात. त्याआधी २०११ साली, दिल्ली पोलीस भरतीतल्या एका तरुणाच्या प्रकरणात, याच न्यायालयाने व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या जाँ व्हालजाँची आठवण काढली होती. भाकरी चोरल्यामुळे जन्मभर चोर ठरलेला तो माणूस. त्याला घरात घेणारा एक बिशप होता, हे आपण कॅथोलिकांनी लक्षात ठेवावे.

चौथी गोष्ट, सुरक्षारक्षकासारख्या काही नोकऱ्या कायद्यानेच बंद आहेत. पण शेत, गवंडीकाम, सुतारकाम, गॅरेज, दुकान, पिठाची गिरणी यांत शिक्षा भोगून आलेल्याला काम देण्यास कायद्याची आडकाठी नाही. तिथे आडकाठी फक्त मनाची असते.

आणि आपल्या वाडवडिलांची रीत आठवा. गावात भांडण झाले की पंच बसत. दंड ठरे, तो भरला जाई, मग दोन्ही बाजू एकत्र बसून खातपीत आणि विषय तिथे मिटे. त्या रीतीत दोषही होते. पण एक शहाणपण होते: शिक्षेला शेवट असतो, आणि तो सर्वांच्या डोळ्यांदेखत जाहीर करावा लागतो.

५. क्षमा म्हणजे भोळेपणा नव्हे

आता तुमच्या मनातला प्रश्न. "फादर, पुन्हा केले तर? आणि ज्याचे नुकसान झाले, त्याने काय करावे?"

दोन्ही प्रश्न खरे आहेत. ज्याला जखम झाली त्याने केव्हा क्षमा करावी हे गावाने ठरवायचे नसते. विधवेला आपण "आता विसरा" असे सांगू नये. मनातली क्षमा ही देवाच्या कृपेने, तिच्या वेळेने येते. पण काम देणे ही वेगळी गोष्ट आहे. ते जखमी माणसाच्या वतीने क्षमा करणे नव्हे. उलट भरपाई करायची तर आधी कमाई हवी. जक्कयाने चौपट परत करतो म्हटले, कारण त्याच्याकडे द्यायला काही होते. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांना रास्त मजुरी देण्याविषयी निकाल दिला, तेव्हा त्या मजुरीतला काही भाग गुन्ह्याने पीडित झालेल्यांच्या भरपाईसाठी वेगळा ठेवावा असेही सुचवले.

सावधगिरीलाही जागा आहे. ज्याने लहान मुलांवर अत्याचार केला त्याला होस्टेलच्या किंवा शाळेच्या कामावर घेणे ही दया नव्हे, तो मुलांवर अन्याय आहे. दारूच्या नादाने ज्याचे हातून घडले त्याच्याकडून आधी दारू सुटली पाहिजे. कोणाला कोणते काम द्यावे हे तारतम्याने ठरवा. पण तारतम्य वापरा म्हणजे नकार द्या, असे नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हाना आरेंट या विचारवंत बाईंचे १९५८ सालचे एक पुस्तक वाचले होते. त्यांचा मुद्दा साधा आहे. घडून गेलेले कोणाला उलटे फिरवता येत नाही, आणि पुढे काय होईल हे कोणाला दिसत नाही. या दोन अडचणींवर माणसाजवळ दोनच उपाय आहेत: झालेल्यासाठी क्षमा आणि येणाऱ्यासाठी वचन. क्षमा नसती तर प्रत्येक जण आपल्या एकाच कृत्याला जन्मभर बांधलेला राहिला असता. मला वाटते, काम हे या दोघांच्या भेटीचे ठिकाण आहे. काम देणारा क्षमेचे पाऊल टाकतो, काम घेणारा रोज सकाळी वेळेवर येऊन आपले वचन पाळतो. फक्त एकाच बाजूने हे होत नाही.

६. आपल्या शेजारची साक्ष

आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारिया गोरगरिबांत आणि आदिवासींत काम करीत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारण्यात आले. गरीब माणसे सावकारीतून सुटू लागली होती, ते काहींना खुपत होते. मारणाऱ्याला जन्मठेप झाली. २००२ साली राखीच्या दिवसांत सिस्टरांची धाकटी बहीण, जी स्वतः धर्मभगिनी आहे, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या हाताला राखी बांधली. पुढे त्या कुटुंबाच्या आणि धर्मभगिनींच्या प्रयत्नांनी तो २००६ साली सुटला. नंतर तो केरळात सिस्टरांच्या घरी क्षमा मागायला गेला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला सिस्टर राणी मारिया यांना धन्यवादित घोषित केले गेले, तेव्हा तोही तिथे होता.

ही गोष्ट सांगून आपण डोळे पुसतो. पण एक बारकावा पाहा. सुटल्यावर तो आपल्या गावी शेती करू लागला. कसायला जमीन होती, म्हणून त्याला कोणाच्या दारात काम मागत उभे राहावे लागले नाही. आपल्याकडे परतणाऱ्या किती जणांजवळ स्वतःची जमीन आहे? ज्याच्याजवळ ती नाही, त्याची राखी म्हणजे काम.

७. आपण काय करू शकतो

(अ) ज्यांच्याकडे शेत, दुकान, गॅरेज वा बांधकामाचे काम आहे, त्यांनी वर्षातून एकदा तरी अशा एका माणसाला पंधरा दिवस काम देऊन पाहावे. मजुरी इतरांइतकीच द्या. कमी मजुरीत मिळतो म्हणून घेणे हा उपकार नव्हे.

(आ) जामीन राहा. "मी याला ओळखतो" एवढे वाक्य मालकापुढे बोलायला पैसे लागत नाहीत.

(इ) जुनी गोष्ट मुलांपुढे बोलू नका. बापाच्या केसवरून शाळेत मुलाला चिडवले जाते, ते शब्द त्याला आपल्याच घरांतून मिळतात.

(ई) कायद्याची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अनुसूचित जमातीच्या माणसाला, स्त्रीला आणि कोठडीत असलेल्या कोणालाही तिथे मोफत वकील मिळू शकतो. सोबत कोणी नसेल तर मी येईन.

(उ) जे शिक्षा भोगून आले आहेत त्यांना माझे सांगणे: खोटे बोलू नका, वेळ पाळा, पहिल्या नकाराने परत फिरू नका. चर्चमध्ये मागच्या भिंतीला टेकून उभे राहता ते आता पुरे. पुढे येऊन बसा.

आणि शेवटी माझे स्वतःचे. तो भाऊ पावसाआधी परत आला आहे. लवकरच मुकादम उचल घेऊन गावात फिरू लागेल, आणि एकदा उचल घेतली की त्याचे पाय पुन्हा बांधले जातील. चर्चचे उरलेले बाक, होस्टेलच्या खिडक्यांच्या चौकटी आणि साक्रिस्टीचे दार एवढे काम आपल्याकडे आहे. पुढच्या रविवारी मिस्सानंतर पॅरिश कौन्सिलपुढे मी हा विषय ठेवणार आहे. गेल्या वर्षी "विचारून सांगतो" म्हणालो होतो. यंदा खरोखरच विचारत आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनीही यावे आणि समोर बोलावे.

लघु ख्रिस्ती समूहांत चर्चेसाठी प्रश्न

१. प्रेषितांची कृत्ये ९:२६-३० आणि ११:२२-२६ वाचा. यरुशलेमच्या शिष्यांच्या जागी आपण असतो तर काय केले असते?
२. आपल्या पाड्यात शिक्षा भोगून आलेले कोणी आहे का? नाव न घेता सांगा, आपण त्याच्याशी कसे वागतो?
३. क्षमा आणि सावधगिरी यांचा मेळ आपण कसा घालाल?

प्रार्थना

हे प्रभू येशू, क्रूसावर असताना तू एका गुन्हेगाराला आपल्यासोबत घेतलेस. आमच्या गावी परत आलेल्यांना सोबत घेण्याचे धैर्य आम्हाला दे. ज्यांना इजा झाली त्यांच्या जखमा भरून काढ. आमच्यातून बर्णबासारखी माणसे उभी कर, आणि सुरुवात माझ्यापासून कर. आमेन.

प्रभूच्या सेवेत आपला,
धर्मगुरू